पूनमसिंगचं जावळ

तांडा, बोरी अरबजवळ
रविवार, १२ ऑक्टोबर १९५८

बाबा,

नमस्कार वाकून केला आहे असं समजा, कागदावर वाकता येत नाही.

हे पत्र तुम्ही फोडणार नाही, ते मला ठाऊक आहे. धाकटा घनश्याम फोडील, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आईला वाचून दाखवील, आणि तुम्ही ओसरीवर वर्तमानपत्र उघडून त्याचं एकही पान उलटणार नाही. तेव्हा घन्या, जरा खणखणीत वाच.

मी बालवाडीच्या शिक्षणासाठी नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "नॉर्मल स्कूलले जाशीन तं मास्तरीन होशीन. पोट्टे खेळवाले माय-आजी हायेतच, त्याच्यासाठी सर्टिफिकेट कायले लागते?" तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. पास होऊन घरी आले तेव्हाही आईच्या मार्फत "जेवली काय, इचार" एवढंच. जन्मभर राळेगावात मास्तरकी केलेला माणूस पोरीच्या शिक्षणावर रुसला, हे मी इथे कुणाला सांगत नाही. लोक हसतील.

आता माझ्या शाळेचं ऐका. हा बंजाऱ्यांचा तांडा आहे. यांचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरत. आता यांची स्वतःची वावरं आहेत, कापसाची पऱ्हाटी आहे, तूर आहे. तांड्याचे नायक धरमसिंग यांनी आपला कापसाचा कोठा बालवाडीला दिला. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, पोट्टे रडले तं आमी घरी नेऊ." म्हटलं, "रडू द्या. मीबी रडली होती नागपुरात." त्यांच्या मिशा हलल्या. ते हसले असावेत.

तुम्हाला वाटतं मी पोरं खेळवते. बाबा, खेळवणं वेगळं आणि त्यांना खेळू देऊन त्यांच्याकडे बघत राहणं वेगळं. लाली नावाची एक पोर आली ती कोपऱ्यात पाठ करून बसली. तुमच्या शाळेत ती ठोंबी ठरली असती. मी तिला काही विचारलं नाही, फक्त तिच्याजवळ डबे आणि त्यांची झाकणं ठेवली आणि लांब जाऊन बसले. काही दिवसांनी ती झाकणं लावून बघायला लागली. आता तिच्या तोंडाला विश्रांती नाही, माझं डोकं खाते. केव्हा जवळ जायचं आणि केव्हा गप्प बसायचं, एवढंच शिकायला मला नागपूरला जावं लागलं.

काल शनिवार, केस-नखांचा दिवस. रुक्माबाईचा नातू पूनमसिंग, चार वर्षांचा, डोक्यावर केसांचं नुसतं जंजाळ. जट झालेली आणि आत उवांचं गोकुळ. मी तासभर खपून सगळं कापलं, शिकवल्याप्रमाणे केस चुलीत जाळले, डोकं साबणाने धुतलं. केसांत एक कवडी गुंतली होती, ती धुऊन त्याच्या हातात दिली. आरशात स्वतःला बघून पठ्ठ्या इतका खूश झाला की घरच्यांना दाखवायला धावतच सुटला. मला माझाच अभिमान वाटला.

आईला सांगा, तेल संपलं आहे.

तुमची
विजू

*

तांडा
रविवार, २ नोव्हेंबर १९५८

बाबा,

तेल मिळालं. घनश्याम लिहितो, मागचं पत्र वाचताना तुम्ही भिंतीकडे बघून म्हणालात, "ठोंबी कायले म्हनन मी?" भिंतीशी का होईना, बोललात. भिंतीचे आभार.

इथे सगळं ठीक आहे. वेचणी सुरू झाली, त्यामुळे पोरं जरा कमी येतात. आया त्यांना वावरात नेतात, पऱ्हाटीच्या सावलीत बसवतात. चालायचंच.

मी कोठा दोनदा सारवला. भिंतीवर पोपट काढले, ते आवडले नाहीत म्हणून पुसून मोर काढले. खेळणी धुतली, वाळवली, परत धुतली. दिवाळीला येणं जमणार नाही, काम फार आहे. घन्या, हे वाक्य वाचताना हसू नकोस.

आई विचारील, जेवते का. जेवते. नायकांच्या घरून ताक यायचं ते हल्ली येत नाही, पण ताकाने मला तशीही सर्दी होते. विहिरीवर बायका आपसांत गोरबोलीत बोलतात, ती मला अजून नीट येत नाही. मी गेले की बोलणं थांबतं, तेव्हा तोही प्रश्न राहत नाही.

बाबा, तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं का, की शाळा उघडली आणि कुणीच आलं नाही? सहज विचारते.

विजू

*

तांडा
रविवार, ३० नोव्हेंबर १९५८

बाबा,

घनश्यामच्या पत्रात खाली एक ओळ आहे: "बाबा म्हणतात, किती पोट्टे येतात ते तिले खरं सांगाले लाव." म्हणजे तुम्हाला कळलं. मास्तरांपासून लपवायला जाऊ नये, हे मी लहानपणीच शिकायला हवं होतं.

एकही येत नाही. त्या केस-नखांच्या शनिवारपासून एकही नाही.

पूनमसिंग कवडी घेऊन घरी धावला तेव्हा त्याची आजी रुक्माबाई परगावी गेली होती; रविवारी तुमचं पत्र टाकून मी परतले आणि संध्याकाळी ती आली. हातभर चुडा, घागरा सावरत, श्वास फुललेला. मला वाटलं, शाबासकी द्यायला आली. तिने विचारलं, "केस कुठी हायेत?"

म्हटलं, "जाळले. उवा होत्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच दारात खाली बसली. मग हळूच म्हणाली, "माह्या सुनेचे आंधीचे दोन लेकरं गेले. हा जगला तं मी पोहऱ्याच्या देवीले सांगतलं, पाच वर्साचा होईलोक याच्या डोक्याले लोखंड लावत नाही, मंग तुह्यापुढंच आनून उतरवतो. ते केस तिचे होते, बाई. तुहे नाही, माह्ये नाही. तू काहून जाळले?"

ते जावळ होतं, बाबा. आपल्याकडे पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षी उरकतात. चार वर्षांच्या पोराच्या डोक्यावर जावळ असेल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. कवडी कुणीतरी जपून बांधली होती, तीही मी खेळणं म्हणून त्याच्या हातात दिली. जाताना रुक्माबाई वळून म्हणाली, "तू शिकेल हायस नं? त्या शिक्षनात इचारत नाहीत काय कोनाले?"

दुसऱ्या दिवसापासून कोठा रिकामा. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फक्त कुणीच नाही. नायकांना भेटले तर म्हणाले, "कोनी कोनाले मनाई केली नाही, बाई. पर माय-बाप भेतात. आज केस, उद्या काय करान तुमी?"

मी रोज सकाळी कोठा उघडते. चटया घालते, गाणं म्हणते, एकटीच टाळ्या वाजवते. बघणाऱ्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलं. पण तुराट्यांच्या कुंपणापलीकडे पोरं येऊन उभी राहतात, मला दिसतात. लाली तर बोट दाखवून मला चुका सांगते, झाकणं कुठे ठेवायची ते. पूनमसिंग मात्र दिसत नाही. त्याला घरातून बाहेर सोडत नाहीत.

मागल्या आठवड्यात मुख्यसेविका इंदुताई तपासणीला आल्या. रिकाम्या चटया बघितल्या, सगळं ऐकून घेतलं. भल्या बाई आहेत. म्हणाल्या, "विजयमाला, वेचणीमुळे पोरं येत नाहीत असंच मी लिहिते. संक्रांतीपर्यंत बघू. नाहीच आली तर हे केंद्र बंद करून तुला ढाणकीकडे पाठवते. तुझ्या नावाला डाग नको."

बाबा, मला मोह झाला. सामान बांधावं, ढाणकीला जावं, तिथे नव्या पोरांपुढे नवी बाई म्हणून उभं राहावं. पण मग इथे पुढली कित्येक वर्षं कुणी आपलं मूल शाळेत घालणार नाही. "केस जाळणारी बाई" म्हणून माझी गोष्ट सांगतील आणि पोरांना कोठ्याच्या नावाने भेववतील. लालीचं काय होईल?

आम्हाला नागपूरला एक गोष्ट रोज करायला लावत. मुलाने पाणी सांडलं तर त्याला रागवायचं नाही आणि आपण पुसायचंही नाही. फडकं त्याच्या हातात द्यायचं आणि तो पुसत असेपर्यंत जवळ बसायचं. इथे पाणी मी सांडलं आहे. इंदुताई मायेपोटी ते पुसायला निघाल्या. मला फडकं हवं आहे.

म्हणून उद्या नायकांकडे जाते. तांड्याची पंचायत बसते, तिला नसाब म्हणतात. मला तिथे उभं करा म्हणून सांगणार आहे. बाईमाणूस तिथे उभं राहत नाही म्हणे. बघू.

भीती वाटते. तुम्ही जवळ असतात तर वाटली नसती. हे लिहायचं नव्हतं, पण शाई वाळली.

विजू

*

तांडा
रविवार, २१ डिसेंबर १९५८

बाबा, पोरं आली!

घन्या, हे आधी वाच आणि नमस्कार मागून वाच. पोरं आली, सगळी आली, आणि काल एकाने दुसऱ्याला चावलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दोघांनाही पोटाशी धरलं. हे आमच्या शिक्षणात बसत नाही, पण इंदुताई तिथे नव्हत्या.

आता झालं कसं, ते ऐका.

नायकांनी आधी मान हलवली. "बाई, नसाबमंदी माणसंच बसतात." म्हटलं, "मी बसत नाही, उभी राहतो. गुन्हेगार उभाच राहते." मग त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "ये मंग. पर रडजो नोको. रडली का माणसं घाबरतात."

नायकांच्या घरापुढे लिंबाखाली माणसं बसली होती. बाजूला रुक्माबाई आणि मागे पदराआड तिची सून बसंती, कडेवर पूनमसिंग. त्याचे केस बोटभर वाढले होते. मला बघून तो हसला आणि बसंतीने त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं. बाबा, तेवढं फार लागलं.

नायक म्हणाले, "बाई, काय सांगाचं हाय?"

मी पाठ करून गेलते, सगळं विसरले. जे तोंडात आलं ते बोलले. "लेकरू तुमचं होतं, केस देवीचे होते आन कात्री माह्यी होती. मी इचारलं नाही. लेकराइले कसं वागवाचं ते मले शिकवलं, पर लेकरू कोनाचं हाय ते इचाराचं राह्यलं. वेचनीमुळं पोट्टे येत नाहीत असं लिहून मी इथून जाऊ शकतो. मले तसं जाचं नाही. तुमी सांगा, मी काय करू?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, जाऊ द्या, पोरगी हाय. पण रुक्माबाई उठली. "जाऊ कसं द्या? देवीपुढं मी काय नेऊ? राख तरी ठेवली काय इनं?"

मला सुचलं ते मी केलं. वेणी पुढे ओढली आणि म्हटलं, "हे घ्या. पूनमच्या केसायेवढ्याच वर्साचे नाहीत, जास्त हायेत."

आई, आता ओरडू नकोस, पुढे ऐक.

रुक्माबाईने घरातून कात्री आणली, हो, खरंच आणली. माझ्यामागे उभी राहिली आणि वेणी हातात घेऊन तोलली. माझे डोळे मिटलेले. माझ्या मनात काय आलं सांगू? तुम्ही बोलत नाही ते बरंच झालं, निदान या भुंड्या डोक्याबद्दल तरी काही बोलणार नाही.

ती म्हणाली, "याले तेल कोन लावते?"

"माय पाठवते."

"किती वर्सं झाले लावून राह्यली?"

"लहानपनापासून."

केस मोकळे करताना तिची बोटं फिरत होती, तेवढं कळत होतं. तिने आतली, वरून दिसणार नाही अशी एक बट निवडली, करंगळीएवढी, आणि तेवढीच कापली. ओढणीच्या टोकाला बांधली आणि सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे तिच्या मायनं वाढवेल हायेत. मी जाळनारी नाही, मले इचाराचं समजते." आणि मला हळूच म्हणाली, "मुंडकं भादरलं तं तुले बायको करन कोन, येडे? तुह्या बापानं अजून उजवलं नाही तुले."

माणसं हसली. नायकही हसले, या वेळी नक्की. मी मात्र रडले. नायक म्हणाले, "म्या सांगतलं होतं, रडजो नोको."

निकाल असा झाला: पूनमसिंगचे केस पुन्हा वाढू द्यायचे. रामनवमीला तांडा पोहऱ्याच्या जत्रेला निघेल, तेव्हा मी बरोबर जायचं, ती बट देवीपुढे ठेवायची आणि काय घडलं ते माझ्याच तोंडाने सांगायचं. तोवर बालवाडी उघडी. आणि मायला विचारल्याशिवाय कुठल्याही लेकराच्या अंगाला कात्री, साबण, औषध काही लावायचं नाही. मी म्हटलं, कबूल, एकदा नाही, शंभरदा कबूल.

परतताना मी वाटेत एकटीच हसत होते. इतकं हलकं मला पास झाल्याचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी बसंती स्वतः पूनमसिंगला घेऊन आली. वेचणीला जायची घाई, तरी थांबली. म्हणाली, "बाई, याच्या उवा काढजो, पर फणीनं." त्याच्यामागे लाली आली, तिच्यामागे बाकीची. आता रुक्माबाई रोज दारात येऊन बसते. माझ्यावर लक्ष ठेवायला, असं ती म्हणते. परवा मी जेवून आले तर आत ती सगळ्यांना गोल बसवून गोरबोलीत गाणं शिकवत होती. मीही बसून शिकले. विचारून बसले.

इंदुताईंना खरं ते कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं, "केंद्र चालू ठेवते. कात्री कुलपात ठेव."

ताक पुन्हा येतं.

विजू

*

तांडा
रविवार, १ फेब्रुवारी १९५९

बाबा,

आज हे पत्र घनश्यामने फोडू नये. पाकिटावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात घातलं आहे.

गुरुवारी तुम्ही काही न कळवता दारात येऊन उभे राहिलात आणि मी उठले नाही. तुम्हाला राग आला असेल. चार पोरं माझ्याभोवती बसून ज्वारी वाटीतून वाटीत ओतत होती. ती मन लावून करत असताना बाई उठली की सगळ्यांचा धागा तुटतो. तुम्हाला खुणेने बसायला सांगितलं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन मोटारी बदलून, बोरीपासून पायी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं, आणि मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पाणी रुक्माबाईने विचारलं. त्याच्या आधी तिने तुम्हाला विचारलं, "तू कोन?" तुम्ही टोपी सारखी करून म्हणालात, "बाईचा बाप." ती म्हणाली, "मंग बस. जोडे भाईर." बाबा, हेडमास्तर पुंडलिकरावांना "जोडे भाईर" म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तुम्ही काढलेत.

मग पूनमसिंग दोन वाट्या घेऊन तुमच्यापुढे आला. तुम्ही मांडी घालून बसलात आणि ओतायला लागलात. मी ऐकत होते. तुमच्या हातून दाणे सांडले तेव्हा त्याने एकेक वेचून तुमच्या वाटीत परत घातले, बोलला काही नाही. मग त्याच्या हातून सांडले आणि तुम्ही सवयीने म्हणालात, "असं नाही रे!" त्याने तुमच्या हातातली वाटी काढून घेतली आणि निघून गेला. कोठ्यात सगळे तुमच्याकडे बघायला लागले. मी खाली मान घातली.

आणि तुम्ही म्हणालात, "दे नं बापा मले. आता नाही बोलत."

तुमच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. कुणाला म्हणालात, बाबा? मला त्याच्यातलं थोडं माझ्यासाठी होतं असं वाटलं. नसेल तर नसो, मी ठेवून घेतलं आहे.

जेवताना तुम्ही फार बोलला नाहीत. भाकरी कोण करतं विचारलंत, बट कुठून कापली ते बघितलंत, आणि "दिसत नाही" म्हणालात. नंतर भिंतीवरचे मोर बघत म्हणालात, "आमच्या पहिलीतले पोट्टे पह्यल्या दिवसी रडतात काहून, ते मले आज समजलं." एवढंच. मला एवढं पुष्कळ झालं. तुम्ही गेल्यावर मी कोठ्याच्या मागे जाऊन रडून घेतलं आणि तोंड धुऊन पोरांत आले. इतक्या वर्षांचं मनावरचं ओझं एका दुपारी उतरलं.

पण एक गोष्ट तुम्ही चुकीची केलीत, आणि ती तुम्हाला सांगायला हवी, कारण मी इथली शिकलेली बाई आहे.

निघताना पूनमसिंगने तुमचं धोतर धरून विचारलं, "यशीन?" आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालात, "उद्या येतो."

मोठ्या माणसांचं उद्या म्हणजे कधीतरी. यांचं उद्या म्हणजे झोपून उठलं की. शुक्रवारी सकाळी त्याने सगळ्यात मोठी चटई दारासमोर घातली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. लाली बसली तर तिला ढकलून दिलं. शनिवारी पुन्हा घातली. संध्याकाळी ती गुंडाळताना मला म्हणाला, "बाई, उद्या झालं नाही काय अजून?"

मी त्याला काय सांगू? या वयाच्या मुलाशी खोटं बोलायचं नाही, त्याचा एकदा तुटलेला विश्वास सहजी जोडता येत नाही. मला ते शिकवून ठेवलं आहे आणि मी ते अनुभवलंही आहे.

मोटार सकाळी राळेगावहून निघते, यवतमाळला बदलावी लागते. हे पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल, त्या दिवशी त्याला सांगेन, "आज रात्री झोप, उठलास की उद्या."

या.

विजू